उत्तर: पीटीओ शाफ्ट स्प्लाइनवर बसत नाही

ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरसारख्या अवजाराला देणारा पीटीओ शाफ्ट ट्रॅक्टरमागच्या खाचांच्या दांड्यावर, म्हणजे स्प्लाइनवर, बसत नसेल तर हातोडीने ठोकून बसवा, असं इथे एकाने लिहिलंय, ते मात्र पटलं नाही. ठोकलं की स्प्लाइनची तोंडं चेपतात, मग पुढच्या वेळी निघतही नाही. इंजिन बंद करून किल्ली खिशात टाका, स्प्लाइन पुसून ग्रीस लावा आणि योक (शाफ्टच्या टोकाचा दोन फाट्यांचा भाग) हाताने जरासा फिरवत ढकला. लॉक पिन खाचेत बसली की शाफ्ट मागे ओढून पाहायचा.

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. शाफ्टचे दोन भाग वेगळे केले असतील, तर जोडताना आतल्या बाजूचे दोन्ही योक एका रेषेत हवेत. मी एकदा ९० अंशांनी चुकवले. रोटाव्हेटर नुसता थरथरत होता, आणि मी आपला पात्यांचे बोल्ट आवळत बसलो! शेवटी योकांना जोडणारा क्रॉसच गेला.