बाबाच्या कंबरेत नस दबली, डॉक्टर स्क्रू टाकायचं म्हणते, टाकावं का?

पऱ्हाटीवाला_यवतमाळ:
राम राम मंडळी. बाबा ६४ वर्षांचे, शेतकरी. दीड वर्षापासून चालता येत नाही, म्हणजे घरून निघाले की मारुतीच्या देवळापर्यंत जाते न् मांड्या-पोटऱ्या भरून येते, मुंग्या येते, मग ओट्यावर बसले की पाच मिनिटात बरं. पण सायकलवर चार किलोमीटर वावरात जाते, काही होत नाही! त्याच्यानं गावातले म्हणत बुढा नाटकं करते. एका दवाखान्यात सहा महिने टोंगळ्याचा इलाज झाला, पैसे गेले. आता एमआरआयमध्ये एल फोर-एल फाईव्हला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी, नसांची जागा अरुंद निघाली. एक डॉक्टर म्हणते ऑपरेशन करा, स्क्रू-रॉड टाकून मणके जोडा. दुसरे म्हणते फक्त नस मोकळी करू. आम्ही कोणाचं ऐकावं?

फिजिओ_तालुका:
भाऊ, बाबा नाटक नाही करत. उभं राहिलं, चाललं की कंबरेतली नसांची नळी अजून आवळते, वाकलं की थोडी मोकळी होते. सायकलवर माणूस वाकलेलाच असते ना, म्हणून जमते. पायात रक्त कमी पोचलं तरी चालताना पोटऱ्या दुखते, पण तेव्हा नुसतं उभं राहूनही आराम पडते, बसा-वाकायची गरज नाही, आणि सायकलवरही दुखते. तरी पायाच्या नाडी तपासून घ्या, बिडी-शुगर असेल तर नक्कीच.
स्क्रूचं म्हणाल तर २०१६ मध्ये स्वीडनचा अभ्यास आला होता, २४७ पेशंट, अर्ध्यांची फक्त नस मोकळी केली, अर्ध्यांना सोबत मणके जोडून दिले. दोन वर्षांनी चालणं न् त्रास दोघांचा सारखाच, जोडलेले मात्र दवाखान्यात जास्त दिवस राहिले. म्हणून डॉक्टरले सरळ विचारा, मणका सरकला का, उभं राहून पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढला का, न् स्क्रू नेमका कशासाठी. मणका जास्तच हलत असेल तर स्क्रू लागू शकते, नुसता एमआरआय पाहून ठरवू नका.

माय_लेक_वर्धा:
माझ्या आईचं झालं, स्क्रू नाही टाकले. मागचं हाडाचं छप्पर न् जाड झालेला पडदा काढते. दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभी केली. पायाची कळ लवकर गेली पण बोटांची बधिरता अजून आहे, डॉक्टरनं आधीच सांगतलं होतं की बधिरता हळूहळू जाते, कधी राहतेही, न् कंबरदुखीची गॅरंटी नाही. सगळ्यात मोठी पंचाईत संडासची! उकिडवं बसणं बंद सांगतलं, मग प्लास्टिकच्या खुर्चीले मधात भोक पाडून चालवलं. ऑपरेशनच्या आधीच सोय करून ठेवा. शुगर असेल तर ताब्यात आणा, नाहीतर जखम पिकते. खर्चाचं, महात्मा फुले योजनेत बसते का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राले भरती व्हायच्या आधी विचारा, बिल झाल्यावर नाही.

नांगर_८८:
आमच्या गावात एक जण पाठ तुडवून देते, दोनशे रुपयात मोकळं

फिजिओ_तालुका:
@नांगर_८८ बाप्पा, असं नका सांगू. नस आधीच चेपलेली आहे, वरून लात घालता का. आणि पऱ्हाटीवाला, एक राहिलं. लघवी अडकली किंवा कळत नाही, बसायच्या जागी बधिर झालं, पायाचा पंजा एकाएकी लोळायला लागला, तर त्याच रात्री गाडी काढा. तसं नसेल तर घाई नाही, व्यायाम, गोळ्या करून पाहता येते. कमरेच्या इंजेक्शननं आराम पडला तरी बहुधा थोड्या दिवसांचाच.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ:
लय उपकार झाले राजेहो. वाकवून एक्स-रे कोणीच काढला नाही, आत्ताच फाईल पाहिली. लघवीचं बाबाले विचारलं तर म्हणते तुले काय करायचं, मग आईकडून विचारून घेतलं, तसं काही नाही. व्यायाम पाच महिने केले, फरक नाही, म्हणून ऑपरेशन बहुतेक करूच. सोमवारी नागपूरले मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, तिसरं मत घेतो. बाबाचं एकच चालू हाय, वेचणी होऊ दे मग. एमआरआयची सीडी नाही दिली, नुसती फिल्म हाय, चालते ना?