फोस्टरच्या ग्रुपमध्ये साडेतीनशे जण आहेत, पण पिल्लू घरी न्यायला कोणीच नसते

प्रश्न : लातूरची_स्वयंसेविका

नमस्कार. लातूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत जखमी व अनाथ कुत्र्या-मांजरांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या निवारा केंद्राचा व्हॉट्सॲप ग्रुप मी गेली तीन वर्षे सांभाळते आहे. सुरुवातीला आम्ही वीस-बावीस जण होतो आणि सगळे एकमेकांना चेहऱ्याने ओळखत होतो. आज सदस्यसंख्या साडेतीनशेच्या घरात गेली आहे, परंतु दत्तक जाईपर्यंत प्राणी प्रत्यक्ष घरी ठेवून घेणारी, म्हणजे फोस्टर, घरे अकराच आहेत, आणि त्यांपैकी चार घरांनी दिवाळीपासून एकही पिल्लू घेतलेले नाही.

मागच्या महिन्यात अडत बाजारामागे पाच पिल्ले सापडली. डोळे नुकतेच उघडलेले होते. ज्या मुलाला ती दिसली त्याने फोटो टाकला आणि पाऊण तासात त्याखाली सत्तरएक संदेश जमले. हात जोडल्याची चिन्हे, ‘कोणीतरी घ्या हो’, ‘यांची आई कुठे आहे?’, ‘आमच्याकडे जागा नाही, नाहीतर नक्की घेतली असती’, आणि मध्येच एका आजोबांचा फुलांचा शुभसंदेश. पिल्ले कोण नेणार हे मात्र रात्री दहापर्यंत ठरले नाही. शेवटी मीच जाऊन ती आणली, तोवर त्यांतले एक गार पडले होते.

आणखी दोन घटना सांगते. आमच्या एका फोस्टर ताईंचा पत्ता कोणीतरी चांगल्याच हेतूने ग्रुपवर टाकला. पुढच्या दोन आठवड्यांत लोक तीन वेळा त्यांच्या दारात खोक्यातून पिल्ले ठेवून निघून गेले आणि घरमालकाने त्यांना खोली रिकामी करायला सांगितले. दुसऱ्या एका घरी पिल्लाला पार्वो (कुत्र्यांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) झाल्याचे आम्हाला आठ दिवसांनी कळले, कारण ग्रुपवर सांगितले तर आपल्यालाच बोल लागतील अशी त्या कुटुंबाला भीती होती. आणि त्या आठ दिवसांत त्यांच्याकडचे दुसरे पिल्लू आम्ही तिसऱ्याच घरी पाठवून बसलो होतो.

हा ग्रुप बंद करून नव्याने सुरू करावा, की आहे त्यालाच काही शिस्त लावता येईल? ज्यांनी असे ग्रुप चालवले आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.


उत्तर १ : संभाजीनगरचा_समन्वयक

ताई, आपण वर्णन केलेला पाऊण तास आमच्याही ग्रुपवर अनेकदा येऊन गेला आहे. साडेतीनशे जणांना एकदम विचारले की प्रत्येकाला वाटते, इतक्या जणांत कोणीतरी पुढे येईलच. म्हणून ‘कोण घेणार?’ हा प्रश्न आम्ही ग्रुपवर विचारणेच थांबवले. त्याऐवजी फोस्टर घरांची एक नोंदवही केली. कोणाकडे मांजर चालते आणि कुत्रा चालत नाही, घरात आधीचे जनावर आहे का, रात्री उठून दूध पाजणे जमेल का, किती दिवसांसाठी घेता येईल, मुलांच्या परीक्षा किंवा घरातले लग्न यांमुळे कोणते महिने नकोत, हे सगळे आम्ही प्रत्येक घरी जाऊन, चहा घेत, सावकाश लिहून घेतले. आता प्राणी आला की त्या दिवसाचा समन्वयक वही उघडून तीन घरे निवडतो आणि एकेकाला फोन करतो. फोनवर माणूस हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. ग्रुपवर तो फक्त हात जोडतो.

‘त्या दिवसाचा समन्वयक’ हे पद वाटते तितके किरकोळ नाही. आमच्याकडे सहा जण आळीपाळीने हे काम करतात, त्या दिवशी निर्णय त्यांचाच असतो, आणि इतरांनी दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यावर टीका करायची नाही असा आमचा अलिखित नियम आहे. पूर्वी मी एकटाच सगळे पाहत असे. जेवताना, अंघोळीला जाताना, बहिणीच्या साखरपुड्यातही फोन हातात असायचा, आणि मी ताप येऊन पडलो तेव्हा चार दिवस सगळे काम ठप्प झाले. आपणही बहुधा याच वाटेवर आहात, असे आपल्या ‘शेवटी मीच जाऊन’ या शब्दांवरून वाटते.

मोठा ग्रुप मोडू नका. व्हॉट्सॲपवर ‘कम्युनिटी’ करता येते. तिच्या घोषणांच्या भागात फक्त ॲडमिन लिहितात आणि सामान्य सदस्यांना एकमेकांचे फोन क्रमांक दिसत नाहीत, उलट साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा क्रमांक सगळ्यांना दिसतो. तुमचे साडेतीनशे जण या भागात राहू द्या. दत्तकासाठी तयार झालेली पिल्ले, नसबंदी शिबिराची तारीख, जुनी पांघरुणे आणि खाद्य यांची गरज एवढेच तिथे जावे. अकरा फोस्टर घरे आणि समन्वयक यांचा वेगळा छोटा ग्रुप ठेवा, आणि त्यात नवीन माणूस ॲडमिनच्या मंजुरीशिवाय येणार नाही अशी सेटिंग करून घ्या. पत्ता कोणत्याच ग्रुपवर लिहायचा नाही. प्राणी पोहोचवायचा असेल तर समन्वयक तो स्वतः नेतो किंवा पत्ता एकाच माणसाला फोनवर सांगतो.

आमची एक फसलेली गोष्टही सांगतो. उत्साहाच्या भरात आम्ही प्रत्येक प्राण्यासाठी स्वतंत्र ग्रुप काढू लागलो. तीन महिन्यांत माझ्या फोनवर चाळीस ग्रुप झाले आणि एका मांजरीचे टाके काढण्याची तारीख त्यांतच कुठेतरी बुडाली. तेव्हापासून गप्पा ग्रुपवर आणि नोंदी गुगल शीटवर, अशी वाटणी केली आहे. प्रत्येक प्राण्याला एक क्रमांक दिला जातो आणि त्यापुढे सापडल्याची तारीख, जागा, वजन, लसी, सध्या कोणाकडे आहे आणि परत घेण्याची तारीख हे सगळे लिहिले जाते. काही जणांनी ग्रुपवर संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय सुरू केली होती, ती आम्ही बंद केली, कारण नव्वद दिवसांनी लसीच्या कार्डाचे फोटोही तिच्याबरोबर गेले.

सापडल्याची जागा नेमकी लिहिण्याबद्दल मी विशेष आग्रही आहे. १० मार्च २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरचा कुत्रा नसबंदी आणि लसीकरणानंतर जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. त्यातच ७ नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके अशा आवारांतून उचललेल्या कुत्र्यांना तिथे परत सोडू नये असे सांगितले. शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर कोणाच्या तरी घरी राहिलेला कुत्रा नक्की कोणत्या चौकातला, हे ग्रुपवरच्या चारशे संदेशांतून शोधण्याची वेळ आमच्यावर आली होती आणि त्याचा चौक आम्हाला शेवटपर्यंत खात्रीने सापडला नाही.


उत्तर २ : परभणीचा_पशुवैद्य

मी वैद्यकीय बाजूपुरतेच लिहितो. पार्वो लपवला गेला याचा दोष मी त्या कुटुंबाला देणार नाही. ज्या ग्रुपवर आजाराची बातमी सांगताच ‘तुम्ही स्वच्छता ठेवली नसेल’ असे उत्तर येते, तिथे पुढची बातमी उशिराच येणार. आजार कळवण्यासाठी समन्वयकाचा एक खासगी क्रमांक ठेवावा आणि कळवणाऱ्याला पहिला प्रश्न ‘तुम्हाला काय मदत हवी आहे?’ हाच विचारावा.

पार्वोचा संसर्ग झाल्यानंतर साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणे दिसतात, पण विष्ठेतून विषाणू त्याआधीच बाहेर पडू लागलेला असतो. म्हणून नवे पिल्लू चौदा दिवस दुसऱ्या पिल्लांपासून वेगळे ठेवावे, आणि या काळात ते एका घरातून दुसऱ्या घरी हलवू नये. हा नियम ग्रुपच्या वर्णनातच लिहून ठेवा. हा विषाणू जमिनीवर आणि वस्तूंवर कित्येक महिने टिकतो आणि फिनाइलवर भरवसा ठेवता येत नाही. फरशी आधी धुऊन घ्यावी, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे राहू द्यावे. फिनॉल असलेली जंतुनाशके मांजरांना विषारी असतात, त्यामुळे मांजरांच्या घरी तर ती वापरूच नयेत. लातूरकरांना पाण्याबद्दल मी काय सांगावे? एप्रिल २०१६ मध्ये तुमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते. ज्या घरी टँकर लागतो, त्या घरी संसर्गाच्या पिल्लाला पाठवू नका. पाण्याची सोय हीसुद्धा नोंदवहीत लिहिण्याची बाब आहे.

ग्रुपवर औषध सुचवण्यास पूर्ण बंदी असावी. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते, हे माहीत नसलेले पुष्कळ दयाळू लोक आहेत. सल्ला हवा असेल तर अंदाजे वय, वजन, गुदद्वारातून थर्मामीटरने घेतलेले तापमान, हिरड्यांचा रंग, शेवटचे कधी खाल्ले आणि उलटी-जुलाब कधीपासून, एवढी माहिती एकाच संदेशात लिहून पाठवावी. त्यामुळे डॉक्टरांचे पंधरा प्रश्न टळतात. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे माणसाच्या मापाने ‘ताप आहे’ असे ठरवू नका. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची असते. ते गरम होण्यापूर्वी दूध पाजले तर पचत नाही, शिवाय श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. गंभीर प्रकरणांसाठी परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांचा मार्ग आहे, पण तिथवर प्राणी कोण आणि कशाने नेणार याची व्यवस्था आधीच ठरलेली असावी.

स्वयंसेवकाला चावा किंवा ओरखडा झाला, तर ती नोंद प्राण्याच्या क्रमांकासह त्याच दिवशी झाली पाहिजे. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी रुग्णालयात जावे. ‘पिल्लूच आहे, काही होत नाही’ असे ग्रुपवर कोणी लिहिले, तर ॲडमिनने तो संदेश तत्काळ काढावा.


उत्तर ३ : अंबाजोगाईची_माजी_फोस्टर

मी दोन वर्षांपूर्वी अशाच एका ग्रुपमधून बाहेर पडले, आणि का पडले ते कोणी विचारले नाही म्हणून इथे लिहिते. मी एकामागून एक नऊ पिल्ले सांभाळली. प्रत्येक वेळी ‘दहा दिवसांसाठी’ असे सांगितले जायचे आणि दहाचे पन्नास व्हायचे. आठवण करून दिली की ‘तुमच्याकडे किती छान रुळले आहे’ असे उत्तर यायचे. सासूबाई आधी कुरकुरायच्या, नंतर त्यांनाच त्या पिल्लांचा लळा लागला, आणि दत्तक गेल्यावर घरात दोन दिवस कोणी नीट जेवायचे नाही. यात माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ग्रुपवर माझे नाव घेऊन, सगळ्यांसमोर, ‘ताई कधीच नाही म्हणत नाहीत’ असे लिहिण्याची. असे लिहिल्यावर माणसाला नाही म्हणण्याची जागाच उरत नाही. दहाव्या पिल्लाच्या वेळी मी नाही म्हणण्याऐवजी ग्रुपच सोडला.

तुमच्या त्या चार घरांना ग्रुपवर काही विचारू नका. एकदा घरी जा, मोकळ्या हाताने जा, पिल्लू बरोबर नेऊ नका. खर्च कोणाचा होतो तेही विचारा. मला खाद्याचे पैसे मागायला लाज वाटायची आणि कोणी स्वतःहून दिले नाहीत.


उत्तर ४ : नांदेडचा_सदस्य

वरील सूचनांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु एका बाबतीत वेगळे मत मांडतो. मोठा ग्रुप केवळ घोषणांपुरता केला, तर खेड्यातला जो मुलगा बाजारात पिल्ले पाहतो, तो कुठे लिहिणार? आपल्या भागात तालुक्याच्या गावी निवारा केंद्र क्वचितच असते आणि अनेकांसाठी हा ग्रुप हीच एकमेव ओळखीची जागा असते. आम्ही सगळ्यांचे तोंड बंद करून पाहिले. दोन महिन्यांत संदेश कमी झाले, पण प्राण्यांची खबरही कमी आली, आणि ग्रुपला कंटाळलेल्या लोकांनी आपापले चार छोटे ग्रुप काढले. मग आम्ही खबर देण्यासाठी एक वेगळा, सर्वांना खुला ग्रुप केला आणि त्यात फोटो, ठिकाण व स्वतः तिथे किती वेळ थांबू शकता या तीनच गोष्टी लिहायच्या असे ठरवले. तिसरी गोष्ट लिहायला लागल्यापासून फोटो टाकून निघून जाणारे निम्मे झाले. गायी-बैल जखमी असल्याची खबर आली की आम्ही १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक देतो.

पैशांबद्दलही एक सांगतो. कोणा एकाच्या खासगी खात्याचा क्यूआर ग्रुपवर फिरू देऊ नका. आमच्याकडे त्यावरून झालेले भांडण पिल्लांच्या भांडणापेक्षा मोठे होते, आणि मित्रमित्रांचे बोलणे आजही बंद आहे. जमा आणि खर्च दर महिन्याच्या पाच तारखेला बिलांच्या फोटोंसह टाका, रक्कम कितीही लहान असली तरी.

ॲडमिन व्हायला लोक कायद्याच्या भीतीने कचरतात, म्हणून सांगतो की केवळ सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. अर्थात ॲडमिनचा त्यात समान हेतू असेल तर गोष्ट वेगळी.


लातूरची_स्वयंसेविका (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. अंबाजोगाईच्या ताई, तुमचे उत्तर वाचल्यावर मी आमच्या ग्रुपवरचे माझेच जुने संदेश शोधले. ‘कधीच नाही म्हणत नाहीत’ हे वाक्य मी स्वतः तीन वेगवेगळ्या लोकांबद्दल लिहिलेले सापडले आणि त्यांपैकी दोघे त्या चार घरांत आहेत.

काल त्यांतल्या एका घरी जाऊन आले. पिल्लांचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पिल्लू ठेवण्याची त्यांना धास्ती वाटते, पण पावसाळ्यानंतर मोठे मांजर चालेल, रात्री उठावे लागणारे पिल्लू नको, असे त्या म्हणाल्या. वहीतली पहिली नोंद त्यांचीच झाली आहे. खबर देण्याचा खुला ग्रुप नांदेडच्या पद्धतीने या आठवड्यात सुरू करते.

एक शंका राहिली. समन्वयकाच्या पाळीसाठी माझ्यासह तिघेच तयार आहेत, आणि तिघेही नोकरी करणारे. दुपारी अकरा ते पाच या वेळेत फोन कोणी घ्यायचा, यावर संभाजीनगरकरांनी काय केले ते कळवावे.