मदत हवी आहे : हॅमर एडिटरच्या कळा पाठ होईनात

तिसरी_मिती

नमस्कार मंडळी,

हाफ-लाइफ २ या खेळासाठी एक छोटा मॅप (म्हणजे खेळायची जागा) करायचा म्हणून तीन आठवड्यांपूर्वी हॅमर हा त्याचा मॅप एडिटर उघडला. मॅप फार मोठा नाही. दोन खोल्या, मधे बोळ, वर जायला जिना आणि एका खोलीला खिडकी. खेळताना अशा खोल्यांकडे मी कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं. करायला बसले तर एका खिडकीने अख्खा रविवार खाल्ला.

अडचण अशी की प्रत्येक गोष्ट मी मेनूत जाऊन शोधते. व्हिडिओत लोक दहा सेकंदांत भिंत उभी करून मोकळे होतात, बोटं कुठे पडली तेही कळत नाही. म्हणून कळांची यादी छापून समोर चिकटवली. साठेक आहेत, लक्षात राहिल्या चार. रोजच्या कामाला खरंच लागतात अशा कळा कोणत्या?

अजून दोन गोष्टी. खिडकीचं भोक पाडायला मी कार्व्ह (ठोकळ्याच्या आकाराने दुसरं कापणारी सोय) वापरते, पण ठोकळा जरा इकडेतिकडे झाला की शेजारच्या छताचाही लचका तुटतो. आणि माझं दार बिजागरीवर फिरत नाही, मधोमध फिरतं, भिंगरीसारखं.

जाता जाता : कंपाइल करताना (मॅप खेळता येईल असा तयार करताना) लीकची सूचना यायची. कुठेतरी वाचून सगळ्या मॅपभोवती आकाशाच्या टेक्श्चरचा (पृष्ठभागावर लावायच्या चित्राचा) एक मोठा पोकळ डबा घातला, सूचना गेली. आता कंपाइलला ४० मिनिटं लागतात, पण लॅपटॉप जुना आहे, चालायचंच.

रात्रपाळी

यादी फाडून टाका. मी वर्षानुवर्षं हॅमर वापरतोय आणि माझ्या बोटांत पंधराच्या वर कळा नसतील.

अवजारं सगळी शिफ्टवर आहेत. शिफ्ट + एस निवडायला, शिफ्ट + बी ठोकळा काढायला, शिफ्ट + ई एन्टिटी (दिवा, दार अशा वस्तू) ठेवायला, शिफ्ट + ए टेक्श्चर लावायला. ठोकळा वरच्या व्ह्यूमध्ये ओढायचा, उंची समोरच्या किंवा बाजूच्या व्ह्यूमध्ये द्यायची, मग एंटर. थ्रीडी खिडकीत झेड दाबलं की माउसने बघता येतं आणि डब्ल्यू, ए, एस, डी वर खेळल्यासारखं फिरता येतं. परत झेड, की माउस मोकळा. निवडलेली वस्तू शिफ्ट धरून ओढली की तिची प्रत निघते. माझे निम्मे खांब तसेच झालेत.

चौकोनी कंसाच्या दोन कळा मात्र आजच शिका. डाव्या कंसाने ग्रिड (वस्तू जिच्या रेघांवर बसतात ती जाळी) बारीक होते, उजव्याने मोठी. भिंती १६ किंवा ३२ वर बांधा, नक्षीकाम करायचं तेव्हाच खाली उतरा.

कार्व्हला हात लावू नका. ते ठोकळ्याला जे जे भिडलंय ते सगळं कापतं. त्यापेक्षा शिफ्ट + एक्स, म्हणजे क्लिपिंग. टूडी व्ह्यूमध्ये रेघ ओढायची, कापल्यावर राहणारा भाग पांढरा दिसतो, जाणारा लाल. शिफ्ट + एक्स पुन्हा दाबत गेलात की डावा ठेवायचा, उजवा ठेवायचा की दोन्ही, ते बदलतं. एंटर मारला की काम झालं. खिडकीसाठी भिंतीचे चार तुकडे होतात : वरचा, खालचा आणि दोन बाजूंचे. बस.

पाटीपेन्सिल

कळा राहू द्या हो, तो डबा आधी काढा!

लीक म्हणजे मॅपच्या आतून बाहेरच्या पोकळीत जायला कुठेतरी फट आहे. व्हीबीएसपी या कंपाइलच्या पहिल्या प्रोग्रॅमला ती सापडली की आत काय आणि बाहेर काय हे त्याला ठरवता येत नाही, मग व्हीव्हिसला (कुठून काय दिसतं ते ठरवणाऱ्या पुढच्या प्रोग्रॅमला) काम करायला फाइलच मिळत नाही. तुम्ही फट बुजवली नाहीत, घराभोवती दुसरं घर बांधलंत. आता कंपाइलरच्या लेखी तुमच्या भिंतींच्या बाहेरच्या बाजूही 'आत'च आहेत. कुठून काय दिसतं याचा हिशोब त्या सगळ्या रिकाम्या जागेसाठी होतो आणि कुणीही कधी बघणार नाही अशा पृष्ठभागांवर प्रकाशही मोजला जातो. ४० मिनिटं लॅपटॉपमुळे लागत नाहीत.

डबा उडवा, कंपाइल करा. लीक आला की मॅप मेनूतून पॉइंटफाइल लोड करा. एखाद्या एन्टिटीपासून निघालेली लाल रेघ दिसेल. ती जिथून भिंतीबाहेर पडते तिथे फट. आणि हो, एन्टिटीला बांधलेल्या भिंतींनी मॅप बंद होत नाही, फंक-डीटेल या नक्षीकामाच्या एन्टिटीनेही नाही. कंट्रोल + टी मारून बाहेरची भिंत बांधली असलीत तर कंट्रोल + शिफ्ट + डब्ल्यूने ती सोडवा.

जुनाखेळाडू

पाटीपेन्सिल यांच्याशी सहमत. हा डब्याचा उपाय हॅमरचं नाव वर्ल्डक्राफ्ट होतं तेव्हापासून नवे लोक शोधून काढतायत. बेन मॉरिसने १९९६ साली क्वेक या खेळासाठी केलेला तो एडिटर. आम्हीही डबे घातलेत, लपवत नाही.

दाराचं सोपं आहे. दार निवडलं की त्याच्या मधोमध एक बारीक गोल दिसतो, तो त्याचा ओरिजिन. टूडी व्ह्यूमध्ये तो धरून बिजागरीच्या जागी ओढा.

तिसरी_मिती

दार झालं! धन्यवाद.

डबा काढला. लाल रेघ बोळातल्या दिव्यापासून निघाली, खोलीत गेली आणि छताच्या कोपऱ्यातून बाहेर. थ्रीडीत काहीच दिसेना. टूडीत पार जवळ गेले तेव्हा भिंत आणि छत यांच्यात ३ युनिटांची फट दिसली. पण मी ग्रिड १६ च्या खाली नेलीच नव्हती, शपथेवर सांगते. मग ३ युनिटं आली कुठून?

रात्रपाळी

खाली उजवीकडे पट्टीवर बघा. स्नॅप (वस्तू ग्रिडवर चिकटवणारी सोय) ऑन आहे की ऑफ?

तिसरी_मिती

ऑफ! मी तर त्याला हातही लावला नाही.

रात्रपाळी

लावलात. थ्रीडीत फिरताना वेगाने जायला शिफ्ट धरून डब्ल्यू दाबता ना, खेळात पळतो तसं?

तिसरी_मिती

हो, सवयच आहे.

रात्रपाळी

हॅमरमध्ये शिफ्ट + डब्ल्यू म्हणजे स्नॅप बंद-चालू. तुम्ही बोळातून पळत होतात आणि ग्रिड कधी असायची, कधी नसायची. तुमच्या यादीत ही कळ असेलच, बघा.

तिसरी_मिती

आहे. सदतीसावी. 🤦

एकूण सात भिंती ग्रिडवरून सरकलेल्या निघाल्या. सगळ्या परत १६ वर बसवल्या. लीक नाही, डबा नाही, कंपाइल दीड मिनिटात. मी तीन आठवडे रोज चहा करून यायचे तोवर.

पाटीपेन्सिल

आता भिंतींच्या न दिसणाऱ्या बाजूंना नोड्रॉ (खेळात न काढलं जाणारं टेक्श्चर) लावायची सवय ठेवा. ठोकळा काढतानाच नोड्रॉमध्ये काढायचा आणि दिसणाऱ्या बाजूलाच खरं टेक्श्चर द्यायचं. शिफ्ट + ए चालू असताना एक बाजू निवडा, मग ऑल्ट धरून शेजारच्या बाजूवर उजवी क्लिक करा. विटांच्या रांगा कोपऱ्यावर जुळून वळतात. हे एकदा जमलं की बघतच बसावंसं वाटतं. आणि कंपाइलच्या आधी ऑल्ट + पी, राहिलेल्या चुका दाखवतं.

तिसरी_मिती

विटांचं करून बघितलं. अर्धा तास नुसते कोपरे वळवत बसले होते.

शेवटचा एक प्रश्न, मग त्रास देत नाही. जिना दिसायला छान झालाय, पण खेळाडू पहिल्याच पायरीला अडतो. उडी मारली तर चढतो.

जुनाखेळाडू

पायरीची उंची किती?

तिसरी_मिती

२०. खेळाडू ७२ युनिट उंच असतो असं वाचलं होतं, म्हटलं २० ची पायरी त्याला जड नाही.

जुनाखेळाडू

न उडता तो १८ पर्यंतच चढतो. आणि २० तुमच्या १६ च्या ग्रिडवर बसलीच कशी?

तिसरी_मिती

जिना पण पळता पळताच केला होता.

१६ ची केली. चढतो.