मदत हवी आहे: दादाचं वजन १४८ किलो, गुरुवारी गुंगी देऊन एंडोस्कोपी. आधी काय काय विचारून घेऊ?

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते, अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार.

माझा मोठा भाऊ ४६ वर्षांचा. उंची १६८ सेंमी, वजन १४८ किलो, म्हणजे बीएमआय ५२ च्या वर. काही महिने दम लागत होता म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९.२ आणि लोह फारच कमी. पोटात कुठे थोडं थोडं रक्त जातंय का ते बघायला डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली. ती करायचीच आहे, त्याबद्दल वाद नाही.

भीती वाटते ती गुंगीच्या इंजेक्शनची. तारीख देणाऱ्या बाई फोनवर म्हणाल्या, "दहा मिनिटांचं काम आहे, झोपेतच होऊन जातं." वजन किती, घोरतात का, काही विचारलं नाही. मी आपणहून सांगायला लागले तर "ते डॉक्टर बघतील" म्हणून फोन ठेवला.

दादा खूप घोरतो. मागच्या आठवड्यात वहिनी बाहेरगावी होती, म्हणून मी त्याच्याकडे राहायला गेले होते. रात्री पाणी प्यायला उठले आणि त्याच्या खोलीवरून जाताना घोरणं एकदम थांबलं. कुशीवर वळला असेल असं वाटलं. पण छाती-पोट ओढल्यासारखं हलत होतं आणि नाकातोंडातून काहीच आवाज नव्हता. मोबाइलवर सेकंद मोजले: २२. मग गचका बसल्यासारखा मोठा श्वास, आणि पुन्हा घोरणं सुरू. दाराशी उभी राहून मी असं पाच वेळा मोजलं. एकदा ३१ सेकंद झाले. सकाळी विचारलं तर म्हणतो, छान झोप लागली. दिवसा बसल्या बसल्या डुलक्या घेतो. स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतला श्वास नोंदणारी तपासणी) कधी झालेली नाही.

दुसरं म्हणजे, दोन वर्षांपूर्वी पाठीवरचं गळू काढताना त्याला असंच "थोडं झोपेचं" दिलं होतं. वहिनी पडद्याबाहेर उभी होती. मशीनचा टीट टीट आवाज हळूहळू जाड, खालच्या पट्टीत जायला लागला आणि कुणीतरी पळत आत गेलं. नंतर "ऑक्सिजन जरा उतरला होता, आता ठीक आहे" एवढंच सांगितलं. डिस्चार्जच्या कागदावर त्याचा उल्लेखही नाही. वहिनी तो आवाज अजून विसरलेली नाही.

औषधं: बीपीची गोळी, साखरेसाठी मेटफॉर्मिन, आणि चार महिन्यांपासून दर रविवारी सेमाग्लुटाइडचं (साखर-वजनासाठीचं) इंजेक्शन.

गुंगीशिवाय तपासणी होते का? आधी स्लीप स्टडी करून घ्यायला हवी का? आणि कुणाशी नेमकं काय बोलायचं? वजनाचा विषय निघाला की दादा गप्प होतो. याआधी बोलणी ऐकून दोन अपॉइंटमेंट त्याने सोडल्या आहेत. ही सोडू नये, म्हणून आधी मीच विचारून घेते आहे.

– रानजाई

प्रतिसाद: उंबरठा

मी भूलतज्ज्ञ आहे. रुग्ण न पाहता निर्णय देता येत नाही, पण दाराशी उभं राहून तुम्ही जे मोजलंत ते तिथल्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. "घोरतो" म्हटलं तर कुणी लक्ष देत नाही. "छाती हलते पण ३१ सेकंद श्वास आत जात नाही" म्हटलं की माझ्यासारखा माणूस हातातलं काम थांबवून ऐकतो.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात आणि श्वासाची वाट बंद होते. रात्री थोड्या वेळाने मेंदू त्याला जागं करतो, तो गचका त्याचाच. मिडॅझोलम, फेंटानिल, प्रोपोफॉल ही गुंगीची औषधं घशाला आणखी सैल करतात आणि ती जाग येणंही बोथट करतात. त्यात आडवं झोपलं की पोटाचा भार छातीखालच्या पडद्यावर येतो आणि फुफ्फुसात हवेचा राखीव साठा कमी उरतो. सडपातळ माणसाचा श्वास थांबला तर ऑक्सिजन उतरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या मानाने इथे फार थोडा वेळ हाताशी असतो.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: दुर्बीण चालवणाऱ्या डॉक्टरांखेरीज, फक्त श्वासाकडे लक्ष ठेवायला भूलतज्ज्ञ असणार का? उत्तर "नर्स असते" असं आलं तर बीएमआय ५२ ला मी स्वतः ते ठिकाण निवडणार नाही. सगळी सोय असलेल्या रुग्णालयात भूलतज्ज्ञांची वेळ घ्या.

दुसरा प्रश्न कॅप्नोग्राफीचा. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर उशिरा बोलतो, आणि नाकाला ऑक्सिजन चालू असेल तर आणखीच उशिरा. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र श्वास थांबल्याचं त्याच्या आधी दाखवतं. अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेसिऑलॉजिस्ट्सच्या मानकांत मध्यम आणि खोल गुंगीसाठी २०११ पासून ते आहे. वहिनींनी ऐकला तो आवाज ऑक्सिमीटरचा. आकडा उतरतो तसा त्याचा सूर उतरतो. त्या दिवसाचे कागद मागवता आले तर मागवा. नाही मिळाले तर वहिनींनीच जे ऐकलं ते सांगावं, तेही पुरतं.

स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी आहे: घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबताना कुणी पाहणं, बीपी, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर, पुरुष असणं. तुमच्या लिहिण्यावरून मान न मोजताच सहा गुण होतात. पाच किंवा जास्त म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराचा, धोका मोठा. रक्तातलं बायकार्बोनेटही बघायला सांगा. ते २७ च्या वर असेल तर दिवसाही कार्बन डायऑक्साइड साठत असण्याची शंका घेतात.

स्लीप स्टडीसाठी थांबायचं की नाही, ते रक्त किती वेगाने जातंय यावर ठरेल. तोवर आजार आहेच असं धरून तयारी करतात: डोकं-खांदे उंच, कूस डावी, आधीपासून ऑक्सिजन, औषध थोडं थोडं आणि एकूण वजनाच्या हिशेबाने नाही. मिडॅझोलम आणि फेंटानिलला उतारा आहे, प्रोपोफॉलला नाही, म्हणून ते देणारा हात सराईत हवा. तपासणीनंतरही त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ ऑक्सिमीटरवर ठेवायला सांगा. बरेच प्रसंग सगळे निवांत झाल्यावर घडतात.

सेमाग्लुटाइडचं मात्र आजच फोन करून सांगा. त्याने पोट उशिरा रिकामं होतं. नेहमीचे सहा तास उपाशी राहूनही आत अन्न सापडू शकतं, आणि गुंगीत ते फुफ्फुसात गेलं तर प्रकरण गंभीर होतं. जून २०२३ मध्ये आठवड्याचं इंजेक्शन एक आठवडा आधी थांबवा असा सल्ला आला होता. २०२४ च्या संयुक्त मार्गदर्शनात बहुतेकांना ते चालू ठेवता येतं, पण मळमळ, पोट फुगणं असेल किंवा डोस वाढवत असतील तर आदल्या २४ तासांत फक्त द्रवपदार्थ, असं म्हटलं आहे. आपल्या मनाने बंद करू नका. साखरेचं बघणाऱ्या डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना मिळून ठरवू द्या.

प्रतिसाद: पाणकणीस

माझा बीएमआय ४७ होता तेव्हा मी गुंगीशिवाय केली. घशात बधिरतेचा स्प्रे मारला, तो कडू लागतो आणि गिळताना घसा आपला नाहीच असं वाटतं. नळी आत जाताना तीन-चार उबळ्या आल्या, डोळ्यांतून पाणी. मग सिस्टर म्हणाल्या, "लाळ गिळू नका, गालातून वाहू द्या, नाकाने श्वास घ्या." त्या एका वाक्यावर मी निभावलं. काही ठिकाणी नाकातून घालायची बारीक दुर्बीण मिळते, तिने उबळ कमी येते. बायोप्सी घ्यायची असेल तर कितपत जमेल ते विचारा.

आणि दादांना आधी सांगा की मागणी सुरक्षिततेची आहे. मला पहिल्यांदा कुणी "तुमचा श्वास जपायचाय" म्हणालं, तेव्हा मी खरं खरं सगळं सांगितलं.

रानजाई (धागाकर्ती)

दोघांचे मनापासून आभार. उंबरठा, तुमचा प्रतिसाद छापून वहिनीला दिला.

काल दादाजवळ बसून बोलले. वजनाबद्दल एक शब्द काढला नाही, फक्त २२ आणि ३१ सेकंदांचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "एवढा वेळ तू दारात उभी होतीस?" आणि टेप आणायला सांगून मानेचा घेर स्वतःच मोजून घेतला. ४६ सेंमी.

गुरुवारची तारीख सोडली. मोठ्या रुग्णालयात सोमवारी भूलतज्ज्ञांची तपासणी आणि बुधवारी एंडोस्कोपी. कॅप्नोग्राफ आहे, विचारून घेतलं. गुंगीशिवाय जमेल का ते सोमवारी ठरवतील. रविवारचं इंजेक्शन या आठवड्यापुरतं घेऊ नका असं दोन्ही डॉक्टरांनी बोलून सांगितलंय, साखर घरी रोज तपासायची आहे. बायकार्बोनेटचा रिपोर्ट आज संध्याकाळी येईल, आला की इथे टाकते.