शेडमध्ये शिडीवर उभं राहून काम करणं बंदच करावं का?

उंचीकाम
भोसरी-चाकणच्या शेडांमध्ये दिवे बदलणं, केबल ट्रेमध्ये वायर ओढणं, पाइप रंगवणं ही कामं आजही शिडीवर उभं राहूनच होतात. माझं मत स्पष्ट आहे: शिडी चढण्या-उतरण्यासाठी ठेवा, तिच्यावर काम नको. ड्रिल धरलं की दोन्ही हात गुंतले, मग दोन पाय आणि एक हात टेकलेला ठेवायचा कसा? 'बेल्ट लावा' हे उत्तर ३ मीटरवर उपयोगाचं नाही. बेल्टचा १.८ मीटरचा लॅनयार्ड, म्हणजे हुकाचा दोर, ताणून त्याचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर (धक्का झेलणारी घडी) पूर्ण उघडायला खाली साधारण ५ ते ५.५ मीटर मोकळी जागा लागते, त्याआधीच माणूस जमिनीवर आपटतो. त्यातून पुष्कळजण हुक शिडीलाच अडकवतात. ती सरकली की माणूसही तिच्यासोबत खाली. कठड्याची प्लॅटफॉर्म शिडी किंवा चाकांची परांची आणा.

मेंटेनन्स_दुसरी_पाळी
साहेब, रोग बरोबर ओळखलात, औषध चुकलं. दोन मशिनांमधली बोळ अडीच फुटांची असते, तिथे परांची शिरत नाही. शिडी काढून घेतलीत तर माणूस ऑइलच्या ड्रमवर चढेल, ते त्याहून घातक.

खरा घोळ लावण्यात आहे. घोडा, म्हणजे उघडून उभी राहणारी दुपाखी शिडी, घ्या. जागा नाही म्हणून तो मिटवून भिंतीला टेकवतात. त्याचे पाय उघडल्यावर सपाट बसतील अशा बेताने कापलेले असतात, मिटवून टेकवला की रबराची नुसती कड टेकते. खाली इपॉक्सीची फरशी, तिच्यावर कटिंग ऑइलचा पातळ थर, मग कड कशी धरणार? टेकवायचंच असेल तर सरळ शिडी घ्या. ती ४ मीटर उंचीवर टेकत असेल तर पाय भिंतीपासून १ मीटर. त्याहून लांब ठेवले तर शिडी खालून घसरते, फार जवळ घेतले तर माणूस पाठीमागे उलटतो. माळ्यावर उतरायचं असेल तर शिडी माळ्याच्या कडेच्या वर १ मीटर हवी आणि वरचं टोक बांधलेलं हवं.

वायरमन_फेज_तीन
पॅनेलजवळ आणि ओव्हरहेड तारांखाली अ‍ॅल्युमिनियमला पहिली बंदी घाला, बाकीचं नंतर. तिथे फायबरचीच शिडी हवी, तीही तपासून. वर्षानुवर्षं उन्हात पडली की वरचं रेझिन झिजतं, हात फिरवला की काचेचे तंतू टोचतात. अशा शिडीत ओल आणि धूळ शिरते, तिच्या इन्सुलेशनवर भरवसा ठेवू नका. बांबूची कोरडी असेपर्यंत ठीक वाटते, पण पावसात भिजली की करंट वाहू शकतो. उन्हाळ्यात बांबू आकसतो, काथ्याचे बंध ढिले पडतात आणि पायरी पायाखाली फिरते. बांबूच्या शिडीला रंग तर कधीच मारू नये, उभी चीर त्याखाली दिसत नाही.

उंचीकाम
बोळीचं मान्य. पण घोड्यावर उभं राहून बाजूच्या भिंतीत ड्रिल मारतात त्याचं काय? घोडा पुढे-मागे रुंद असतो, आडवा अरुंद. ड्रिलचा रेटा आडवा आला की तो कलंडतो. पायऱ्यांचं तोंड कामाकडे करायला बोळीत जागा असते का? नसते. म्हणून दिवेच कप्पीवर खाली उतरतील असे बसवा, वर चढणंच टळेल.

स्टोअर_रॅक
आमच्याकडे चाकांची, कठड्याची शिडी असते. चाकं स्प्रिंगवर असतात, वजन पडलं की ती वर जाऊन रबराचे पाय टेकतात. हे स्प्रिंग गंजले की चाकं खालीच राहतात आणि वर माणूस असताना शिडी फिरते. रोज सकाळी पहिल्या पायरीवर वजन टाकून बघा. शिडीवरचा १५० किलोचा आकडा माणूस, हत्यारं आणि हातातला खोका मिळून असतो हेही विसरतात.

मेंटेनन्स_दुसरी_पाळी
सरसकट बंदीऐवजी ब्रिटनच्या एचएसईचा, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचा, निकष घ्या: जोखीम कमी, एका वेळी काम जास्तीत जास्त ३० मिनिटं आणि हातातलं ओझं १० किलोपर्यंत, तरच शिडी. त्यापलीकडे परांची, याला माझी हरकत नाही.

उंचीकाम
एका दिव्याला चालेल. पण एका ओळीतले वीस दिवे बदलायचे तर तीच शिडी वीस वेळा हलते, तिचे पाय वीस वेळा नव्याने बसतात, आणि सातव्या-आठव्या दिव्याला माणूस खाली न उतरता हात लांबवू लागतो. त्याचा कमरपट्टा उभ्या दांडीच्या बाहेर गेला की तोल गेलाच. ओळीच्या कामाला तुम्ही शिडी देणार का, एवढं सांगा.