कॅमरी: एलई की एक्सएलई? शनिवारच्या आत सांगा

नमस्कार मंडळी,

आमच्या जुन्या कोरोलाने अखेर मान टाकली. २०२५ ची कॅमरी घ्यायची एवढं ठरलंय, घोडं अडलंय ट्रिमवर, म्हणजे त्याच गाडीच्या स्वस्त-महाग मॉडेलवर. पहिल्या किंमतपत्रकात एलई २८,४०० डॉलर आणि एक्सएलई ३३,४००, डिलिव्हरीचे वेगळे. मे महिन्यात आई-बाबा येताहेत, चांगले सहा महिने राहतील. बाबांचा पुण्याहून रोज फोन: "घेतोच आहेस तर टॉप मॉडेल घे, गाडी काय दरवर्षी घेतो का आपण?" बायको एलईच्या बाजूने. कोणी घेतली असेल तर कृपया अनुभव कळवा. शनिवारी डीलरकडे जायचंय.

– एडिसनहून (न्यू जर्सी), यंदाच मंडळाचा मेंबर झालेला

---

मंगळवार रात्री, खजिनदार:

अरे, बाबांना हसू नकोस. त्यांचं म्हणणं तिथल्या हिशोबाने अगदी बरोबर आहे. भारतात कित्येक वर्षं बेस मॉडेल म्हणजे एअरबॅग नाही, एबीएस (ब्रेक दाबताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ मध्ये, शेजारच्या सीटची २०२१ मध्ये, आणि एबीएससुद्धा २०१९ मध्येच. त्याआधी ज्याला घरच्यांच्या जिवाची काळजी, तो टॉप मॉडेल घ्यायचा. सनरूफ फुकटात पदरात पडायचं, इतकंच.

इथे ते सगळं कायद्यानेच दिलंय. पुढच्या दोन्ही एअरबॅगा १९९८ च्या मॉडेलपासून प्रत्येक कारमध्ये. घसरताना गाडी सावरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल २०१२ पासून. मागचा कॅमेरा मे २०१८ पासून. त्यावर कॅमरीत टोयोटा सेफ्टी सेन्स ३.० (वेळेला आपोआप ब्रेक लावणारी वगैरे यंत्रणा) एलईपासून वरपर्यंत सगळ्यांना सारखं. इंजिनही तेच, २.५ लिटर हायब्रिड, फ्रंट व्हील ड्राइव्हला २२५ हॉर्सपॉवर. म्हणजे वरचे पाच हजार, त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के टॅक्स धरून ५,३३१ डॉलर, हे निव्वळ आरामाचे आणि दिसण्याचे पैसे आहेत. तसे ते घालायला माझी काहीच हरकत नाही, फक्त सुरक्षिततेच्या नावावर घालू नकोस.

आता आराम म्हणजे नेमकं काय ते बघ. मी एलई घेतली. आतलं कापड साधं आहे, स्क्रीन ८ इंची. एक्सएलईत लेदर आणि १२.३ इंची स्क्रीन. फोन वायरशिवाय दोन्हीकडे जोडला जातो, त्यामुळे नकाशा काय, गाणी काय, मला फरक पडला नाही. जुलैत पार्किंगमध्ये तापलेल्या लेदरवर बसणं आणि जानेवारीत गारठलेल्या लेदरवर बसणं हे दोन्ही अनुभव मी मित्राच्या गाडीत घेतलेत. कापडच बरं.

चाकांकडे मात्र नीट बघ. एलईला १६ इंची चाकं, वर एक्सएसईला १९ इंची. मोठ्या चाकावरचा टायर पातळ असतो, रबराची भिंत अगदी चार बोटं. रूट १ वरच्या हिवाळी खड्ड्यात तो आपटला की धक्का थेट मणक्याला, नाहीतर रिमला. आणि बदलायची वेळ आली की चार टायरांचं बिल बघून डोळे पांढरे होतात. मायलेज एलईचं गॅलनला ५१ मैल, वरच्या ट्रिमचं ४७. लोक यावर फार भांडतात. वर्षाला १२,००० मैल चालवलीस तर फरक वीस गॅलनचा. तेवढ्यासाठी एलई घेऊ नकोस, टायरसाठी घे.

बर्फाची भीती असेल तर ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद) एलईलाही मिळतं, पहिल्या किंमतपत्रकात १,५२५ डॉलर जास्त होते. हे डीलर आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या आवारात तशी गाडी उभी नसते.

आणखी एक. बाबा ज्याला टॉप मॉडेल म्हणताहेत ते एक्सएलई नाहीच. त्याच्याही वर एक्सएसई आहे, पहिल्या किंमतपत्रकात ३४,६०० ची होती. हे त्यांना कळू देऊ नकोस.

---

बुधवार पहाटे, नाइट ड्यूटीवरून, ताई:

खजिनदारसाहेबांचं सगळं मान्य, पण "ट्रिम म्हणजे निव्वळ आराम" हे नव्या गाडीपुरतं. इथे निम्मी मंडळी सेकंड हँड घेतात, म्हणून लिहिते.

हेडलाइट्स! इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २०१६ मध्ये पहिल्यांदा ३१ मध्यम आकाराच्या गाड्यांचे दिवे तपासले. 'चांगला' शेरा मिळाला फक्त एकीला, टोयोटा प्रियस व्ही. तोही सगळ्यात वरच्या ट्रिमला, ज्यात एलईडी दिवे पॅकेजमध्ये यायचे. साध्या हॅलोजनच्या त्याच गाडीला 'खराब' शेरा. गाडी तीच, रात्री दिसणारा रस्ता वेगळा. आता त्यांच्या पुरस्कारासाठी सगळ्या ट्रिमच्या दिव्यांना 'चांगला' किंवा त्याखालचा 'समाधानकारक' शेरा असावा लागतो, पण सात-आठ वर्षं जुनी गाडी घेणाऱ्याने त्यांच्या साइटवर त्या वर्षाचा, त्या ट्रिमचा दिव्यांचा शेरा बघावाच. मी हॉस्पिटलमधून ज्या रस्त्याने घरी येते तिथे एक खांब पेटत नाही आणि हरणं मात्र रोज.

आणि एडिसनकर, आई येताहेत ना? मग आईंच्या उंचीच्या कुणाला तरी मागे बसवून बघ. सेडान खाली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठताना दाराचा आधार लागतो, आणि त्याला कुठलंच ट्रिम उपयोगी नाही. गरम होणाऱ्या सीट्स एलईवर कोल्ड वेदर पॅकेजमध्ये विचार. आईंना जानेवारीत राहायचं नसलं तरी तुला आहे.

---

बुधवार दुपार, ह्यूस्टनचे काका (न्यू जर्सी सोडली, मंडळाची ईमेल लिस्ट सोडली नाही):

पॅकेजचा विषय निघाला म्हणून. माझ्या इथल्या एलईत जे आहे ते तुझ्या एलईत असेलच असं नाही. टेक्सास आणि आजूबाजूच्या राज्यांत टोयोटाच्या गाड्या गल्फ स्टेट्स टोयोटा वाटते, फ्लोरिडा-जॉर्जियाकडे साउथईस्ट टोयोटा, आणि ते आपापली पॅकेजं लावतात. म्हणून यूट्यूबवर कुणी "एलईत हे मिळतं" म्हणालं की आधी तो कुठल्या राज्यातला ते बघ.

काचेवरचा स्टिकर वाच. १९५८ च्या कायद्याने तो सक्तीचा आहे, ओक्लाहोमाच्या सिनेटर मनरोनींच्या नावाने ओळखतात, आणि गाडी विकली जाईपर्यंत तो काढता येत नाही. फॅक्टरीतून काय आलं ते त्यावर ओळीनं छापलेलं असतं. त्याच्या शेजारी दुसरा कागद दिसला तर तो डीलरचा. टायरात नायट्रोजन, दारांच्या कडांना पट्ट्या, रंगावर कसलंसं लेपन. एलईची किंमत एक्सएलईकडे सरकते ती याच कागदामुळे. सरळ म्हणायचं, हे नको, नाहीतर दुसरी गाडी दाखव.

"महिन्याला किती परवडेल?" याचं उत्तर द्यायचं नाही. पूर्ण रक्कम विचारायची, टॅक्स, रजिस्ट्रेशन, कागदपत्रांची फी सगळं धरून, आणि ती ईमेलवर मागायची. दोन ट्रिममधला फरक हप्त्यात सांगितला की सत्तर-ऐंशी डॉलरच वाटतो. हप्ते किती, ते तो हळू आवाजात सांगतो.

---

बुधवार संध्याकाळ, ढोल-ताशा पथक:

कॅमरीच्या कुठल्याही ट्रिमच्या डिकीत ढोल जात नाही याची नोंद घ्यावी. पथकाला सिएना (टोयोटाची मोठी व्हॅन) घेणारा माणूस हवाय. त्यातली गंमत म्हणजे एलईत आठ जण बसतात, लिमिटेड आणि प्लॅटिनममध्ये सातच. जास्त पैसे भरा आणि एका माणसाला घरी ठेवा. मधली रांग काढता येत नाही, मागची जमिनीत मुडपते. तीन ढोल आरामात.

---

गुरुवार, एडिसनहून:

सगळ्यांचे आभार. एलई, ऑल व्हील, कोल्ड वेदर पॅकेज, अशी विचारणा तीन डीलरांना ईमेलने पाठवली. एकाने लगेच "महिन्याला किती परवडेल" असं उलट विचारलं. दुसऱ्याकडे तशी गाडी केंटकीच्या कारखान्यातून येतेय म्हणे, पंधरा दिवस थांबायचं. त्याने पूर्ण रक्कम लिहून दिली, दुसरा कागद नाही. शनिवारी त्याच्याकडे नुसतं बसून बघायला जातोय. ताई, तुमची उंची आईएवढीच आहे. दहा वाजता जमेल का?

बाबांना सांगितलं की इथे एलईतच सगळ्या एअरबॅगा येतात. म्हणाले, "मग वरचे पाच हजार कशाचे?" स्क्रीनचे, म्हटलं. त्यावर त्यांनी फोन आईकडे दिला.

---

गुरुवार रात्री, खजिनदार:

ताईंची ड्यूटी असेल तर मी येतो. माझी उंची चालणार नाही, पण चाकं मोजायला उपयोगी पडेन. येताना वर्गणीचा चेक घेऊन ये, यंदाची अजून आलेली नाही.