तान्ह्या पोळ्यावरचा गेम कन्सोलवर न्यायचा आहे, लायसन्स कसं मिळवायचं?

पऱ्हाटी_आर्वी:
नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावात राहतो. दोन वर्षं रात्री जागून एक गेम केला आहे, तान्ह्या पोळ्याचा. दोन पोरं आपापला लाकडी बैल ओढत गावभर फिरतात, दारोदार बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागतात. वाटेत चिखल, नाली, कुत्री. दोरी जास्त ताणली की बैल उलटतो. चाकांचा आवाज खरा आहे. वाढईदादांनी भाच्याला करून दिलेला सागाचा बैल रस्त्यावर ओढून रेकॉर्ड केला. सिमेंटवर खडखड, मातीवर घरघर, नालीवरच्या फरशीवर एकदाच टक्क.

सगळे म्हणतात मोबाइलवर टाक. पण हा गेम एका टीव्हीसमोर खांद्याला खांदा लावून बसलेल्या दोघांचा आहे. मागच्या पोळ्याला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये टीव्हीला लॅपटॉप जोडला, दोन कंट्रोलर दिले. चौथीतली एक पोरगी ओरडली, "दादा, माहा बैल समोर काऊन नाई जात?" शेजारच्या पोराने स्वतःचा बैल थांबवला आणि तिची दोरी सोडवून दिली. तशी सोय मी ठेवली होती, पण त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, हा कन्सोलवरच, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावरच, न्यायचा.

एका कन्सोल कंपनीकडे अर्ज केला. कंपनीचं नाव, वेबसाइट, नोंदणीकृत पत्ता, सगळं मागितलं. माझ्याकडे फक्त माझं नाव होतं, तेच भरलं. दीड महिन्याने दोन ओळींत नकार आला, कारण काही नाही. फार लागलं मनाला. आता आधी कंपनी काढू का? गेम गोडो इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये, केला आहे, ते चालतं का? की सरळ पब्लिशर, म्हणजे दुसऱ्यांचे गेम बाजारात आणणारी कंपनी, गाठू?

पोर्टवाला_पुणे:
दादा, नकाराने गेम वाईट ठरत नाही. फॉर्म वाचणाऱ्याला तुमचा गेम दिसलाच नसेल, रिकामे रकाने दिसले असतील. मी दोन गेम पोर्ट केलेत, म्हणजे कन्सोलवर चालतील असे बदललेत, त्यावरून सांगतो.

आधी इंजिन. गोडो चालतं, पण कन्सोलचा एक्सपोर्ट त्यात आयता मिळत नाही. कन्सोलचं एसडीके, म्हणजे त्यावर गेम चालवायला लागणारा कंपनीचा कोड आणि साधनं, गोपनीयतेच्या कराराखाली असतं आणि गोडोचा सगळा कोड उघडा, मग त्यात ते घालणार कसं? म्हणून पोर्ट करून देणाऱ्या वेगळ्या कंपन्या आहेत. गोडो सुरू करणाऱ्यांनीच २०२२ मध्ये डब्ल्यूफोर गेम्स काढली, तीही हे काम करते. पण त्यांच्याकडे गेलात तरी कन्सोलवाल्यांची मंजुरी तुम्हाला स्वतःच आणावी लागते.

मायक्रोसॉफ्टचा आयडी अ‍ॅट एक्सबॉक्स हा छोट्या डेव्हलपरांसाठीचा कार्यक्रम २०१३ पासून आहे, अर्जाला पैसे पडत नाहीत. दुकानातला साधा एक्सबॉक्सही डेव्ह मोडवर, म्हणजे स्वतःचा गेम चालवून बघायच्या सोयीवर, नेता येतो. विक्री त्यावरून होत नाही, पण टीव्हीवर गेम कसा पळतो ते लायसन्सआधी कळतं. सोनीने २०२३ मध्ये खास भारतीय डेव्हलपरांसाठी इंडिया हीरो प्रोजेक्ट आणला, त्याच्या घोषणांवर लक्ष ठेवा. आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' २०२० मध्ये आधी निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर आला, मग बाकी कन्सोलवर. म्हणजे आपल्या मातीतली गोष्ट त्या दारातून आत गेलेली आहे.

पब्लिशरची घाई नको. आधी स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, पान करा. १०० डॉलर लागतात, गेमने १००० डॉलर कमावले की ते परत मिळतात. पुढच्या अर्जात त्या पानाची लिंक आणि तुमच्या हॉलमधल्या पोरांचा मिनिटभराचा व्हिडिओ द्या.

आता खरी कसोटी, सर्टिफिकेशन. मंजुरीनंतर प्रत्येक कंपनी गेम तपासते, निन्टेन्डोकडे त्याला लॉटचेक म्हणतात. माझा पहिला गेम दोनदा परत आला. खेळता खेळता कंट्रोलरची बॅटरी गेली तर गेमने थांबून तसं सांगायला हवं, माझा तसाच चालू राहिला. दुसऱ्यांदा बटणांची नावं नडली. एक्सबॉक्सवर 'ए' खाली, निन्टेन्डोवर 'ए' उजवीकडे. मी एकच चित्र सगळीकडे वापरलं होतं. आजच खेळता खेळता कंट्रोलरचा सेल काढून बघा.

हिशोब_अकोला:
मी सीएंच्या ऑफिसात काम करतो, कागदांचं सांगतो. एकट्याला एक व्यक्ती कंपनी काढता येते, २०१३ च्या कंपनी कायद्यात तशी सोय आहे. नॉमिनी एक लागतो. ऑफिसचा पत्ता गावातल्या घराचा दिला तरी चालतो. दोन महिन्यांच्या आतलं लाईट बिल आणि घरमालकाचं ना-हरकत पत्र जोडायचं. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा आधीच काढून ठेवा, घर नेमकं कोणाच्या नावावर आहे ते त्यात दिसतं. आमच्याकडे बहुतेक फायली तिथेच अडतात, घर आजोबांच्या नावावर आणि बिल वडिलांच्या. पण दरवर्षी ऑडिट आणि रिटर्न भरावं लागतं, गेम विकला नाही तरी. तो खर्च धरूनच पाऊल टाका.

पऱ्हाटी_आर्वी:
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री सेल काढून बघितला. गेम चालूच राहिला आणि बैल सरळ नालीत गेला. दोन वर्षांत हे तपासायचं सुचलंच नाही. दुसरी चूक आपोआप सापडली. सेव्ह होत असतानाच लाईट गेली, चार्जिंग संपलेला लॅपटॉप बंद पडला, आणि परत सुरू केला तर गोळा केलेला सगळा बोजारा शून्य. आता आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहितो, पूर्ण लिहून झाली की मगच जुनी बदलतो. आमच्याकडे लाईटचा नेम नाही, त्यामुळे हे चारदा तपासून झालं.

नमुना ८ काढला. घर आजोबांच्याच नावावर निघालं. ना-हरकत लिहून द्यायला ते एका पायावर तयार आहेत, नॉमिनी आई होणार. सोमवारी वर्ध्याला सीएंकडे जातो.

एक विचारायचं राहिलं. दोघं खेळताना एकाचाच कंट्रोलर बंद पडला तर एकाचा खेळ थांबवायचा की दोघांचा?

पोर्टवाला_पुणे:
तुमच्या गेममध्ये दोघांचा थांबवा. तिचा बैल अडकलेला असताना त्याचा समोर निघून गेला, तर दोरी सोडवायला कोण येणार?